नोकरी सांभाळून व्यवस्थापनाची पदवी : कार्ल्सरूहेतील वाचकांसाठी

दिवसा पूर्णवेळ नोकरी आणि रात्री संगणकासमोर बसून पदवीचा अभ्यास, हा विचार जर्मनीत स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांत केव्हा ना केव्हा निघतो. कोणा अभियंत्याला व्यवस्थापनाकडे वळायचे असते, तर जोडीदारासोबत आलेल्या एखादीला खंडित झालेले शिक्षण पुढे न्यायचे असते. पहिला प्रश्न बहुधा शुल्काचा असतो. वस्तुतः वेळ किती लागेल आणि पदवी ग्राह्य धरली जाईल का, हे प्रश्न त्याआधी विचारायला हवेत.

हागेनचे दूरशिक्षण विद्यापीठ

१९७४ मध्ये स्थापन झालेले हागेन येथील विद्यापीठ हे जर्मनीतील एकमेव सरकारी दूरशिक्षण विद्यापीठ होय. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाले. त्यांचेच हे जर्मन भावंड म्हणता येईल. अर्थशास्त्र व व्यवसाय व्यवस्थापन यांची पदवी येथे अर्धवेळ घेता येते. कार्ल्सरूहेतही या विद्यापीठाचे केंद्र आहे. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला, तर उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होते. मात्र पदवीचे शिक्षण जर्मन भाषेत आहे. त्यामुळे त्या भाषेवर उत्तम प्रभुत्व हवे.

तासांचा हिशेब

युरोपीय पद्धतीत पहिल्या पदवीसाठी सामान्यतः १८० श्रेयांक लागतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. म्हणजे एकूण ४,५०० ते ५,४०० तास. सहा वर्षांत पदवी पूर्ण करायची तर सुट्ट्या न धरता दर आठवड्याला १४ ते १७ तास द्यावे लागतील : कामाच्या दिवशी रोज दोन तास आणि शनिवार-रविवार मिळून आणखी चार ते सात. मुले लहान असतील तर हे तास जोडीदाराच्या वेळातूनच येतात. म्हणून प्रवेशाचा निर्णय घरात एकत्र बसून घ्यावा.

खासगी संस्था निवडताना

इंग्रजीतून ऑनलाइन पदवी देणाऱ्या खासगी संस्था जर्मनीत पुष्कळ आहेत. संस्थेला राज्याची मान्यता आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. १९७७ पासून लागू असलेल्या दूरशिक्षण संरक्षण कायद्यानुसार खासगी दूरशिक्षण अभ्यासक्रमाला कोलोन येथील सरकारी कार्यालयाची परवानगी लागते. आवश्यक परवानगी नसल्यास करारच निरर्थक ठरतो. करारानंतर १४ दिवसांत माघार घेता येते. पहिल्या सहामाहीअखेर सहा आठवड्यांची, त्यानंतर केव्हाही तीन महिन्यांची सूचना देऊन कारण न सांगता बाहेर पडता येते. नोकरीत अडचण आली तर हाच अधिकार उपयोगी पडतो.

भारतातील ऑनलाइन एमबीए तुलनेने स्वस्त वाटते. भारतात त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता हवी. जर्मनीत नोकरीसाठी ती पदवी दाखवायची असेल तर 'अनाबिन' या सरकारी माहितीकोशात विद्यापीठाची नोंद आधीच पाहावी.

रजा, कर आणि निवास परवाना

बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१५ पासून कर्मचाऱ्यांना वर्षाला पाच दिवसांची पगारी शिक्षणरजा मिळू शकते. त्यासाठी त्याच ठिकाणी बारा महिने नोकरी झालेली असावी आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेचा असावा. दहापेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना हे बंधन नाही. नोकरीशी संबंधित दुसऱ्या पदवीचा खर्च नोकरीसाठीचा खर्च म्हणून करविवरणात दाखवता येतो. पहिल्या पदवीच्या खर्चाला, आधी व्यवसायप्रशिक्षण झालेले नसल्यास, वर्षाला ६,००० युरोंची मर्यादा आहे. कंपनी शुल्क भरणार असेल तर नोकरी सोडल्यास परतफेडीची अट आहे का, ते सहीपूर्वी वाचावे.

भारतातील नातेवाइकांनाही एक गोष्ट सांगावी : निव्वळ ऑनलाइन प्रवेशाच्या आधारे जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. येथे नोकरीच्या किंवा कौटुंबिक परवान्यावर राहणाऱ्यांना मात्र असा अभ्यास करता येतो.

निर्णय होत नसेल तर हागेनमध्ये पदवीला प्रवेश न घेता एखादा विषय सुटा शिकण्याची सोय आहे. एक सत्र, एक विषय आणि त्याची परीक्षा एवढे आधी करून पाहावे. आठवड्यातून किती तास खरोखर निघतात, हे त्या सहा महिन्यांत कळेल आणि पुढील सहा वर्षांचा निर्णय अनुभवावर घेता येईल.