इराणी नक्षी, येरवड्याचे हात

आपण ज्याला 'इराणी गालिचा' म्हणतो, त्यात इराणी नेमके काय असते? नक्षी, गाठ, की विणणारा हात? कोल्हापूरकरांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. आपला पन्हाळा ज्या आदिलशाहीत होता, तिची राजधानी विजापूर. तिथल्या सतराव्या शतकातल्या आसार महालात जुने गालिचे जपलेले होते. त्यांतले काही आज गोल घुमटाच्या आवारातील संग्रहालयात आहेत.

आधी गाठ पाहू. ताण्याच्या दोन उभ्या दोऱ्यांवर लोकरीची गाठ मारून टोके कापायची, ओळ पुरी झाली की आडवा बाणा घालून ती ठोकून बसवायची, हे मूळ काम. तुर्की गाठीत लोकर दोन्ही दोऱ्यांना वेढते. इराणी गाठीत एकाला पूर्ण वेढा पडतो, दुसऱ्याच्या मागून ती नुसती जाते. या दुसऱ्या गाठीला सनंदज शहराच्या जुन्या नावावरून 'सेनेह' म्हणतात. गंमत अशी, की खुद्द तिथले विणकर तुर्की गाठ मारतात. नावावरून हात ओळखता येत नाही, तो असा.

अकबराने आग्रा, फत्तेपूर सिक्री आणि लाहोर येथे गालिच्यांचे कारखाने चालवले. इराणी वेलबुट्टी अशी हिंदुस्थानी हातांत रुळली. पुढे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर इथल्या गालिच्यांना विलायतेत मागणी वाढली, आणि इंग्रज सरकारने ठिकठिकाणच्या तुरुंगांत माग बसवले. पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैद्यांनी आसार महालातल्या गालिच्यांच्या नकला विणल्या.

याची दुसरी बाजू बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी मांडली. भारतीय कलाकौशल्यावरील १८८० च्या ग्रंथात त्यांनी तुरुंगांच्या स्पर्धेवर कडक टीका केली. कैद्याच्या स्वस्त श्रमापुढे पिढीजात विणकराचा भाव कसा टिकणार? म्हणजे ज्या व्यवस्थेने विजापूरची नक्षी पुढे नेली, तीच बाहेरच्या विणकराच्या पोटावर आली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकता येणार नाही.

इराणातल्या अर्दबीलच्या विख्यात गालिच्यावर हिजरी ९४६ (इ.स. १५३९-४०) हे साल आणि मक्सूद काशानी हे नाव विणलेले आहे. लंडनच्या संग्रहालयाने १८९३ मध्ये तो २,००० पौंडांना घेतला. मक्सूद हा स्वतः विणकर नसून कामावरचा प्रमुख असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे नाव उरले ते प्रमुखाचे. गाठी मारणारे तिथेही निनावीच.

येरवड्याच्या गालिच्यांवर तेवढेही नाही. विक्रीच्या यादीत त्यांची ओळख तुरुंगाच्या नावाने होते. निदान ती ओळख तरी पुसू नये. 'इराणी धाटणीचा' एवढेच लिहून थांबणाऱ्या पाटीवर नक्षीचा मान राहतो, आणि ज्यांनी सक्तमजुरीत एकेक गाठ मारली, ती आपल्याच मुलखातली माणसे इतिहासातून गळून पडतात.