ई-सिगारेट : आरंभकाळ आणि राळेगणसिद्धीची तंबाखूबंदी

ई-सिगारेट : तंबाखू न जाळता, बहुधा निकोटिन मिसळलेला द्राव तापवून ओढू देणारे, बॅटरीवर चालणारे उपकरण. लिथियम-आयन बॅटरी, तारेचे बारीक वेटोळे आणि द्रावाची कुपी हे त्याचे मुख्य भाग. द्राव प्रामुख्याने प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचा. त्यात निकोटिन आणि पुदिन्यापासून आंब्यापर्यंत हवा तो स्वाद. झुरका घेतला की वेटोळे तापते आणि अतिसूक्ष्म थेंबांचा ढग छातीत जातो. राख नाही, कपड्यांना वास लागत नाही. ही सोय तिच्या प्रसाराला जितकी उपयोगी पडली, तितकीच पालकांच्या व शिक्षकांच्या नजरेतून ती निसटण्यालाही.

कल्पना दिसते त्यापेक्षा जुनी आहे. जोसेफ रॉबिन्सन याने विजेवर औषधाची वाफ करणाऱ्या नळीचे अमेरिकी पेटंट १९३० मध्ये मिळवले; सिगारेट हा त्याचा विषय नव्हता. पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स येथील हर्बर्ट गिल्बर्ट याने मात्र १९६३ मध्ये ‘धूरविरहित, तंबाखूविरहित सिगारेट’ अशा नावानेच अर्ज केला. १७ ऑगस्ट १९६५ रोजी पेटंट मिळाले. त्याच्या रचनेत गरम, दमट, सुवासिक हवा ओढायची होती, निकोटिन नव्हते. त्याने नमुने करून कंपन्यांना दाखवले, पण ते कोणीही बाजारात आणले नाहीत. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सांगणारा अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल जानेवारी १९६४ मध्ये आला होता, तरी घराघरांत आणि कार्यालयांत सिगारेट राजरोस ओढली जात होती. तिला पर्याय विकत घेण्याची गरज गिऱ्हाइकाला वाटत नव्हती. त्या काळी अमेरिकी पेटंट मंजुरीपासून १७ वर्षे टिके; १९८२ मध्ये गिल्बर्टचा हक्क संपला.

१९८० च्या दशकात फिल रे आणि डॉ. नॉर्मन जेकबसन यांनी ‘फेव्हर’ नावाची, बॅटरी नसलेली, निकोटिन भिजवलेल्या नळीतून ओढायची सिगारेट काढली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८७ मध्ये ती परवाना नसलेले औषध ठरवली. आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीची ‘प्रीमियर’ ही धूरविरहित सिगारेट १९८८ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी गुंडाळली गेली.

अमेरिकेत ही वस्तू औषध की तंबाखू असा काथ्याकूट सुरू होण्याआधीच, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत (जि. अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर) तंबाखूचा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळायला सुरुवात झाली होती. लष्करातून १९७५ मध्ये परतलेले किसन बाबूराव तथा अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार करून तिथेच तरुणांना एकत्र आणले. आधी दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. मग तरुण मंडळाने गावातल्या दुकानांतून विडी, सिगारेट व तंबाखू गोळा करून होळीत जाळली, आणि गावात यांची विक्री थांबली. दारूबंदीच्या वेळी पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याच्या घटना प्रसिद्ध आहेत आणि त्यांवर टीकाही झाली. तंबाखूच्या बाबतीत मात्र रोख ओढणाऱ्यापेक्षा दुकानाच्या फळीवर होता. नशाबंदी हा पुढे राळेगणच्या पंचसूत्रीचा भाग बनला. नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही बाकीची चार सूत्रे. गावकऱ्यांच्या या बंदीला व्याख्येची अडचण पडली नाही, कारण जाळायच्या वस्तू समोर ढिगात होत्या.

आजच्या ई-सिगारेटचा जनक म्हणून चीनमधील शेनयांगचा औषधशास्त्रज्ञ होन लिक याचे नाव घेतात. तो स्वतः ओढणारा होता. त्याने २००३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. श्राव्यातीत कंपनांनी द्रावाचे तुषार करायचे, ही त्याची युक्ती. तापणारे वेटोळे नंतर सर्रास रूढ झाले. २००४ मध्ये चीनमध्ये विक्री सुरू झाली. त्याच्या कंपनीने पुढे ‘रुयान’ हे नाव घेतले, आणि २००६-०७ पर्यंत माल युरोप-अमेरिकेत पोचला. सिगारेट सोडवणारे साधन म्हणून होणाऱ्या जाहिरातीला जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २००८ मध्ये आक्षेप घेतला : या दाव्याला पुरावा नाही. अमेरिकेत औषध प्रशासनाने आयात अडवली, विक्रेते न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०१० च्या निकालाने रोगोपचाराचा दावा नसलेली ई-सिगारेट तंबाखूच्या नियमांखाली गेली. मग तंबाखूच्या बड्या कंपन्यांनी हात घातला. लोरिलार्डने २०१२ मध्ये ‘ब्लू’ ही कंपनी १३.५ कोटी डॉलरना घेतली. पुढच्या वर्षी होन लिकची पेटंटे इंपीरियल टोबॅकोच्या उपकंपनीकडे ७.५ कोटी डॉलरना गेली. ज्यांच्या मालाला पर्याय म्हणून हे उपकरण जन्मले, दहा वर्षांत ते त्यांच्याच पेढीवर जमा झाले. सिगारेट सोडवण्याच्या दाव्याकडे संशयाने पाहायला एवढे कारण पुरेसे आहे.

भारतात सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांचा कायदा होन लिकच्या अर्जाच्याच वर्षी, २००३ मध्ये झाला. त्याच्या अनुसूचीत विडी, सिगारेट, चिरूट, गुटखा असे पदार्थ होते; पानाशिवायचे निकोटिन त्यात बसत नव्हते. त्या फटीतून माल येत राहिला. आयटीसीनेही ‘ईऑन’ बाजारात आणली. पंजाब, कर्नाटक आदी राज्यांनी आपापल्या परीने बंदी घातली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०१८ रोजी राज्यांना सल्लापत्र पाठवले. औषध नियंत्रकांनी त्याच्या आधारे काढलेल्या परिपत्रकाला मार्च २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली : हे औषधच नव्हे, तर औषध कायदा लागू कसा? म्हणजे भारतातही तोच जुना प्रश्न आडवा आला. १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच्या जागी डिसेंबरात आलेल्या कायद्याने तो सोडवला नाही, बाजूला सारला. निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढायला देणारे विद्युत उपकरण म्हणजे ई-सिगारेट, अशी व्याख्या करून उत्पादन, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, साठा व जाहिरात या साऱ्यांवर बंदी आली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षे व पाच लाखांपर्यंत. ओढणाऱ्याला शिक्षा नाही. राळेगणच्या होळीचा आणि या कायद्याचा रोख इथे जुळतो, बाकी साम्य शोधू नये : होळीत विडी-तंबाखू गेली होती, कायद्याने तिला हात लावला नाही.

या विसंगतीवर तेव्हाच टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, २१.४ टक्के धूरविरहित, म्हणजे चुना लावून मळलेली तंबाखू, खैनी, गुटखा, मशेरी. सरकारची बाजू अशी की, नवे व्यसन शाळा-कॉलेजात रुजण्याआधी उपटणे सोपे असते. शेतकरी व विडी कामगारांची पोटे ज्यावर आहेत ते पीक एका अध्यादेशाने थांबवता येत नाही. कायदा झाल्यावरही वापरून फेकायच्या रंगीत ई-सिगारेटी मुंबई-पुण्यातल्या पानटपऱ्यांवर छाप्यांत सापडत राहिल्या.