स्वाक्षरीची प्रत, थेट लेखकाकडून

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराच्या पश्चिमेला, क्लाइड नदीच्या काठावर डंबार्टन रॉक नावाचा कातळ उभा आहे. सुमारे ७३ मीटर उंचीचा हा बेसॉल्टचा उंचवटा म्हणजे एका प्राचीन ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हारस. माथ्यावर किल्ला आणि पायथ्याशी काळेकभिन्न धोंडे. सह्याद्रीत भटकणाऱ्या मराठी माणसाला हे दृश्य परके वाटू नये. याच कातळातील एका अरुंद भेगेवर १९८३ साली डेव्ह कथबर्टसन यांनी ‘रेक्विएम’ नावाचा मार्ग चढून काढला. त्या भेगेचा सरळ वर जाणारा शेवटचा तुकडा मात्र त्यानंतरही बावीस-तेवीस वर्षे अस्पर्शच राहिला. एप्रिल २००६ मध्ये डेव्ह मॅक्लाउड या ग्लासगोच्याच तरुणाने तो पूर्ण केला. त्यासाठी जवळजवळ दोन वर्षे सराव केला, साठ-सत्तर फुटांच्या पडझडी पुन:पुन्हा सोसल्या. ‘रॅप्सडी’ या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग ब्रिटिश श्रेणीपद्धतीत ‘ई ११’ ही श्रेणी मिळालेला पहिला मार्ग होय.

मॅक्लाउड यांचे नाव येथे घेण्याचे कारण मात्र वेगळे आहे. २०१० च्या सुमारास त्यांनी ‘नाइन आउट ऑफ टेन क्लाइंबर्स मेक द सेम मिस्टेक्स’ हे पुस्तक ‘रेअर ब्रीड प्रॉडक्शन्स’ या आपल्याच नाममुद्रेखाली काढले आणि स्वत:च्या संकेतस्थळावरील छोट्या दुकानातून थेट वाचकांना विकले. स्वाक्षरीची प्रत हवी असेल तर ती लेखकाच्याच घरून टपालाने येणार, अशी ही व्यवस्था. २०१५ मध्ये प्रस्तरारोहणातील दुखापतींवरचे ‘मेक ऑर ब्रेक’ हे त्यांचे पुस्तकही याच वाटेने आले. ज्याच्या नावावर जगातील अत्यंत कठीण मार्ग आहेत, त्या माणसाने लिफाफ्यांवर पत्ते का लिहीत बसावे, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर बरेचसे हिशेबात आहे आणि थोडेसे या विषयाच्या स्वभावात.

आधी हिशेब पाहू. पुस्तकाची छापील किंमत ५०० रुपये आहे असे समजू. वितरक आणि विक्रेता यांचे कमिशन मिळून निम्मी रक्कम सहज जाते. उरलेल्या निम्म्यात छपाई, संपादन, गोदाम, जाहिरात आणि प्रकाशकाचा नफा. लेखकाच्या हाती दहा टक्के रॉयल्टी आली तरी ते ५० रुपये होतात, आणि कित्येक करारांत हा आकडा त्याहूनही कमी असतो. तेच पुस्तक लेखकाने स्वत: छापून स्वत: विकले, तर छपाई व बांधणीचे १२० आणि वेष्टनाचे ३० रुपये वजा जाता ३५० रुपये शिल्लक राहतात. म्हणजे सात प्रती दुकानातून खपल्यावर जेवढे मिळाले असते, तेवढे एका प्रतीत. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत; प्रमाण मात्र सर्वसाधारणपणे असेच असते. लाखोंनी खपणाऱ्या कादंबरीकाराला या फरकाची फिकीर करावी लागत नाही. प्रस्तरारोहणाच्या तंत्रावरील पुस्तकाचा वाचकवर्ग मुळातच मर्यादित. तेथे हा फरक म्हणजे पुढचे पुस्तक लिहिता येणे आणि न येणे यांतील फरक ठरतो.

अर्थात यात भांडवल लेखकाचे अडकते. छापखान्याचे बिल आधी भरावे लागते आणि पुस्तकांचे गठ्ठे जिन्याखाली रचून ठेवावे लागतात. न खपलेल्या प्रती परत पाठवायला कोणी उरत नाही, कारण त्या मुळात गेलेल्याच नसतात.

डोंगरावरील पुस्तके डोंगराच्या पायथ्याशीच विकण्याची रीत इंग्लंडमध्ये जुनी आहे. ओवेन ग्लिन जोन्स यांचे लेक डिस्ट्रिक्टमधील प्रस्तरारोहणावरचे प्रसिद्ध पुस्तक १८९७ साली लंडनच्या लाँगमन्स या बड्या प्रकाशनसंस्थेने काढले. १८९९ मध्ये आल्प्समधील दाँ ब्लांश शिखरावर जोन्स यांचा मृत्यू झाला आणि १९०० ची दुसरी आवृत्ती प्रकाशित केली ती केझिक गावातील अब्राहम या छायाचित्रकारांच्या पेढीने. जोन्स यांच्याबरोबर कडे चढणारे आणि त्यांची छायाचित्रे घेणारे अब्राहम बंधू ते हेच. ज्यांनी दोर धरला त्यांनीच पुस्तक विकले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

त्याहून बोलके उदाहरण आल्फ्रेड वेनराइट यांचे. ते प्रस्तरारोहक नव्हते, डोंगरभटके होते. परंतु पुस्तक स्वत: काढण्याच्या बाबतीत त्यांना वगळून चालणार नाही. केंडल नगरपालिकेत कोषाध्यक्ष असलेल्या या गृहस्थांनी लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांची मार्गदर्शिका नकाशे आणि रेखाचित्रांसह पानोपानी स्वत:च्या हस्ताक्षरात लिहून काढली. अक्षरजुळणी नाहीच, हस्ताक्षराचे ठसे करून तेच छापले. १९५५ साली पहिल्या खंडाच्या २,००० प्रतींसाठी ९५० पौंड खर्च येणार होता आणि वेनराइट यांची शिल्लक होती ३५ पौंड. छापखान्याच्या मालकाने ‘विकतील तसे पैसे द्या’ अशी सवलत दिली म्हणून ते पुस्तक निघाले. पुढे १९६६ पर्यंत सात खंड पूर्ण झाले. ज्या पुस्तकाचे प्रत्येक पान लेखकाच्या हातचे आहे, त्यावर निराळी स्वाक्षरी ती काय मागायची!

प्रत्यक्ष चढाईच्या मार्गदर्शिका मात्र ब्रिटनमध्ये दीर्घकाळ क्लबांनीच काढल्या. क्लाइंबर्स क्लब, फेल अँड रॉक क्लाइंबिंग क्लब आणि स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लब यांच्या छोट्या, खिशात मावणाऱ्या पुस्तिकांमागे सभासदांचे बिनमोल श्रम आहेत. तेथे लेखकाच्या पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी कडे मोजायचे असा तो व्यवहार. चढाई हाच ज्यांचा व्यवसाय आहे असे लेखक पुढे आले, तेव्हा हिशेबाचा प्रश्न उभा राहिला.

मॅक्लाउड यांचे पुस्तक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्यात व्यायामाचे आकर्षक तक्ते नाहीत. बहुतेक आरोहक आपल्याला आवडते आणि जमते तेवढ्याचाच सराव करतात आणि मग प्रगती थांबली की बोटांच्या ताकदीला दोष देतात, असे त्यांचे मुख्य प्रतिपादन. हालचालीचे तंत्र, बोटांची ताकद, दमसास आणि शरीराचे वजन या चार गोष्टींचा ते क्रमाने विचार करतात. त्यानंतर येते पडण्याची भीती. या एकाच विषयाला त्यांनी स्वतंत्र विभाग दिला आहे. दोर बांधलेला असतानाही मनुष्य पडण्याला घाबरतो, त्यामुळे अंग आखडून चढतो, नको तेवढी ताकद खर्च करतो आणि अखेरीस त्यामुळेच पडतो, हे त्यांचे निरीक्षण कोणत्याही प्रशिक्षकाला पटेल. ‘रॅप्सडी’वर साठ-सत्तर फूट कोसळलेल्या माणसाने ते लिहावे, याला वजन आहे. असे पुस्तक दुकानाच्या फळीवर रंगीत छायाचित्रांच्या ग्रंथांशेजारी फारसे उठून दिसले नसते. परंतु मॅक्लाउड कित्येक वर्षे आरोहण आणि सरावाविषयी नियमित लिहीत होते. वाचक आधीच जोडलेला होता. पुस्तक नंतर आले. थेट विक्रीचे हे खरे भांडवल आणि त्याची मर्यादाही हीच. ज्याला कोणी ओळखत नाही त्याची स्वाक्षरी कोण विकत घेणार?

अँडी कर्कपॅट्रिक यांचा प्रवास उलट दिशेचा आहे. १९७१ साली जन्मलेल्या, हल शहरात वाढलेल्या आणि वाचन-लेखनाची अडचण असलेल्या (ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात) या आरोहकाच्या ‘सायकोव्हर्टिकल’ या आत्मकथनाला २००८ चा बोर्डमन-टास्कर पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये ‘कोल्ड वॉर्स’ने त्यांना तो दुसऱ्यांदा मिळवून दिला. ही दोन्ही पुस्तके रूढ प्रकाशकांनी काढली. पण तंत्रावरची पुस्तके, म्हणजे प्रचंड भिंतींवरील चढाईचे ‘हायर एज्युकेशन’ आणि कड्यावरून उतरण्याच्या शास्त्रावरचे ‘डाउन’, त्यांनी स्वत:च प्रकाशित केली.

‘डाउन’चा विषय थोडा उकलून सांगायला हवा. चढाईपेक्षा उतरणे सोपे असते हा नवशिक्यांचा समज. उतरताना शरीर थकलेले असते, उजेड कमी झालेला असतो आणि रॅपेलिंगमध्ये सगळा भार एकाच आधारावर, एकाच गाठीवर असतो. दोन दोर जोडण्याची गाठ हेच उदाहरण घ्या. इंग्रजी आठच्या आकाराची सपाट गाठ दिसायला भक्कम; परंतु भार येताच ती दोराच्या टोकाकडे गुंडाळत सरकू शकते आणि तशी सुटून माणसे दगावलेली आहेत. साधी सपाट ओव्हरहँड गाठ, टोके हातभर लांब ठेवून आणि नीट आवळून बांधली तर अधिक विश्वासार्ह ठरते. जुन्या पुस्तकांत पहिली गाठ सापडते आणि जुनी पुस्तके क्लबांच्या कपाटांत वर्षानुवर्षे असतात. (केवळ हा परिच्छेद वाचून कोणी दोर जोडू नये, ते प्रशिक्षकासमोर शिकावे.)

माझ्या मते, या प्रकारच्या पुस्तकात लेखक-वाचकांच्या थेट नात्याला खरा अर्थ येतो तो येथे. कादंबरीतील चूक फार तर समीक्षकाला खटकते. येथील चूक कड्यावर सापडते. ज्या वाचकाने लेखकाकडूनच प्रत घेतली आहे, तो चूक दिसल्यावर लेखकालाच लिहितो. थोड्या थोड्या प्रती छापणारा लेखक पुढच्या छपाईत ती दुरुस्त करू शकतो. मोठ्या प्रकाशकाची पाच हजारांची आवृत्ती गोदामात पडून असेल तर दुरुस्तीला तेवढी वर्षे थांबावे लागते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वत:च लेखक, स्वत:च प्रकाशक असलेल्या माणसाला ‘हे तपासून घ्या’ म्हणणारा कोणी टेबलापलीकडे बसलेला नसतो. चांगले स्वयंप्रकाशक जाणत्या सहकाऱ्यांकडून हस्तलिखित वाचून घेतात. सगळेच घेतात असे नाही.

आता स्वाक्षरीविषयी. संग्राहकांच्या जगात नुसती सही आणि ‘अमुक यांस सस्नेह’ असे नाव घालून केलेली सही यांत भेद करतात. पुनर्विक्रीच्या दृष्टीने नुसती सही बरी, कारण अनोळखी माणसाच्या नावाची प्रत दुसऱ्याला नको असते. लेखकाने वेगळ्या कागदावर सही करून तो आत चिकटवलेला असेल तर मोल आणखी उतरते. या क्षेत्रात एक उदास बाबही आहे. १९८२ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या ईशान्य धारेवर नाहीसे झालेले पीटर बोर्डमन आणि जो टास्कर यांनी उत्तम पुस्तके लिहिली, पण सह्या करण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. त्यांच्या स्वाक्षरीच्या प्रती साहजिकच मोजक्या. जपून ठेवण्यासाठी स्वाक्षरीची आणि कड्याखाली नेण्यासाठी दुसरी, अशा दोन प्रती घेणारेही आढळतात. ही चैन आहे, पण समजण्यासारखी.

टपाल हा या व्यवसायाचा कणा. ब्रिटनच्या टपालखात्यात २५ मिलिमीटर जाडी आणि ७५० ग्रॅम वजनापर्यंतचे पाकीट ‘मोठे पत्र’ म्हणून स्वस्तात जाते. त्यापुढे ते पार्सल होते. पुस्तकाची पाने किती असावीत, हे काही वेळा या मोजपट्टीवरही ठरते! ब्रिटन युरोपीय संघाच्या व्यापारव्यवस्थेतून २०२१ च्या आरंभी बाहेर पडल्यावर फ्रान्स वा जर्मनीतील वाचकाला एक पुस्तक पाठवायचे तरी सीमाशुल्काचा कागद भरणे आले. त्याच वर्षी जुलैपासून संघाने २२ युरोपर्यंतच्या मालाला असलेली करमाफीही काढून घेतली. मोठ्या कंपनीला हे एका कर्मचाऱ्याचे काम. एकट्या लेखकाला ती एक संध्याकाळ.

मराठी वाचकाला हा सारा प्रकार नवा नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत नाव नोंदवणे, मनीऑर्डरने पैसे धाडणे, व्ही.पी.ने आलेले पुस्तक पोस्टमनकडून सोडवून घेणे, लेखकाने सभेच्या टेबलावर प्रती मांडून सह्या करून देणे, हे आपल्याकडे अनेक दशके चालत आले. नवी मुंबईत २०१६ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा भरली, तेव्हापासून शहरी तरुणांत कृत्रिम भिंतींवरील चढाईचे आकर्षण वाढले आहे आणि त्यांच्या हाती पडणारी तंत्राची पुस्तके बहुधा इंग्रजी, परदेशी छापलेली असतात. ती थेट लेखकाकडून मागवताना किंमत, टपालखर्च आणि सीमाशुल्क यांची बेरीज आधी करावी. २०१९ च्या अर्थसंकल्पात भारत सरकारने आयात छापील पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क बसवले होते. मागवतेवेळी लागू असलेला दर पाहून घ्यावा. चार-पाच जणांनी मिळून एकदम मागवल्यास प्रत्येकी टपालखर्च बराच कमी पडतो. सही आपल्या नावाने हवी की नुसती, हे मागणीतच लिहावे आणि नावाचे रोमन स्पेलिंग स्वच्छ द्यावे. स्कॉटलंडमधील माणसाकडून ‘ज्ञानेश्वर’ बरोबर लिहिले जाण्याची अपेक्षा त्याशिवाय करता येणार नाही.