ऐकणाऱ्याचे कोण ऐकणार?

बदलापूरजवळ बारवी नदी अडवून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७०च्या दशकात धरण उभारले. त्या पाण्यावर आसपासचे कारखाने चालले आणि कारखान्यांमागोमाग माणसे आली. उल्हासनगरात तर १९४७च्या फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव आधीच वसले होते. धरणापायी काही गावांना आणि पाड्यांनाही आपली जागा सोडावी लागली. बारवीच्या पाण्याने जोडलेला हा मुलूख म्हणजे एका मातीतून उपटून दुसऱ्या मातीत लावलेल्या रोपांचा मळा होय. अशा ठिकाणी मन मोकळे करावे असे हक्काचे माणूस बहुधा मागे, गावीच राहिलेले असते.

यास्तव धर्मग्रामांत आज समुपदेशकांची गरज बोलून दाखवली जाते. एखादे शिबिर होते आणि उत्साही स्वयंसेवक परक्याच्या दुःखासमोर एकटाच बसतो. एवढ्याने समुपदेशक घडतो काय? गेल्या शतकाचा इतिहास पाहता या प्रश्नाचे उत्तर आम्हांस नकारार्थीच द्यावे लागते.

१९२० साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषकांनी चिकित्सालय उघडले, तेव्हा नवशिक्याने अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीच रुग्ण हाताळावेत हा पायंडा तेथे रुजला. १९२५च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वूस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉइसन या प्रॉटेस्टंट पाळकांनी ईशज्ञानाच्या मोजक्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात शिकवण्यास आरंभ केला. बॉइसन स्वतः मनोरुग्ण म्हणून इस्पितळात राहिलेले होते. जिवंत माणूस हाच वाचावयाचा ग्रंथ, ही त्यांची धारणा होती. रुग्णाशी झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहावे व मार्गदर्शकापुढे ठेवावे, अशी शिस्त या परंपरेत पुढे पडली.

आपल्याकडेही हीच वाट चोखाळली गेली. मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत क्लिफर्ड मॅन्शर्ट या अमेरिकन मिशनऱ्यांनी १९२७ साली 'नेबरहूड हाउस' सुरू केले. त्यांच्याच नेतृत्वाखाली १९३६ साली समाजकार्याचे जे विद्यालय निघाले, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९३७ साली या विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. वर्गातील व्याख्यानांइतकेच वस्तीतील देखरेखीखालचे काम महत्त्वाचे, हे तेथे प्रारंभापासून मान्य होते. १९५५ साली 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी' या संघाच्या धर्मभगिनींनी मुंबईतच निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय स्थापिले आणि ही परंपरा कॅथलिक संस्थेत रुजली.

मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी शिकागोच्या लोयोला विद्यापीठात समुपदेशनाचे शिक्षण घेतले आणि १९७२ साली पुण्यात धर्मसेवकांसाठी समुपदेशन संस्था सुरू केली. पुढे 'साधना' या नावाने ती लोणावळ्यास गेली. फादर १९८७ साली निवर्तले. त्यांच्या काही लिखाणाविषयी रोमने १९९८ साली सावधगिरीची सूचना दिली, हेही नमूद करावयास हवे. तथापि दुसऱ्याचे मन हाताळण्याआधी आपले मन गटासमोर उघडण्याचा त्यांचा धडा समुपदेशकास आजही उपयोगी आहे.

देखरेख म्हणजे हजेरी किंवा तपासणी नव्हे. नवा समुपदेशक नाव-गाव झाकून प्रकरण मांडतो; ज्येष्ठ व्यक्ती त्यास विचारते, 'सल्ला देण्याची घाई कोठे झाली? ते रडू लागले तेव्हा तू विषय का बदललास? हे दुःख त्यांचे, की तुझे जुने दुखणे? येथे मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविणे आवश्यक नव्हते काय?' अशा प्रश्नांनी आलेल्या माणसाचे रक्षण होते, आणि ऐकून ऐकून थकलेल्या समुपदेशकाचेही.

देखरेखीअभावी काय पणाला लागते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणासाठी केलेल्या २०१२च्या कायद्यानुसार, असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना अथवा विशेष बालपोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. कबुलीसंस्काराची गुप्तता आणि समुपदेशनातील गोपनीयता या एक नव्हेत. 'कुणाला सांगणार नाही' असे वचन भाबडेपणाने देणारा नवशिका बालकाचे रक्षण करू शकत नाही, उलट त्याला अधिक एकटे पाडतो. ऑगस्ट २०२४मध्ये शाळेतील बालिकांवरील अत्याचाराच्या प्रकरणाने बदलापूर हादरले, लोक रेल्वेरुळांवर उतरले. त्या संतापाइतकीच, मूल बोलू लागले असता काय करावे हे जाणणाऱ्या माणसांचीही निकड आहे.

धरण बांधून झाले म्हणून त्याकडे कोणी पाठ फिरवीत नाही. दर पावसाळ्यात भिंतीवर आणि पातळीवर लक्ष ठेवावेच लागते. इतरांचे दुःख साठवून घेणाऱ्या माणसाला तर अशा लक्षाची अधिकच गरज असते. म्हणून आम्ही सुचवितो की, ज्या धर्मग्रामात समुपदेशन सुरू होईल, तेथे पहिल्या दिवसापासून नव्या समुपदेशकास जाणती व्यक्ती नेमून द्यावी, आणि पंधरवड्यातून एकदा तरी त्या दोघांची बैठक ठरवावी. अशी व्यक्ती धर्मग्रामात नसेल, तर ती बाहेरून मिळवावी. ती मिळेतो समुपदेशनाचे दार उघडण्यास थोडा विलंब झाला तरी चालेल.