'लेगेइन' : वेचणें, मोजणें, बोलणें

'बोलणें' या अर्थीं अथेन्सचे वक्ते आणि नाटककार पावलोपावलीं जें ग्रीक क्रियापद वापरीत, तें म्हणजे 'लेगेइन'. 'लोगोस' हा विश्वविख्यात शब्द याच धातूचा. त्या शब्दाभोंवतीं पुढें तत्त्वज्ञांनीं एवढें धुकें जमविलें कीं, मूळ धातु हातानें करावयाच्या कामाचा होता, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

होमरच्या महाकाव्यांत योद्धे आणि देव अखंड बोलत असतात. पण त्यासाठीं कवीजवळ बहुधा निराळीं क्रियापदें आहेत. 'लोगोस' तर दोन्ही काव्यांत मिळून दोनदांच येतो. 'लेगेइन' भेटतें तें भलतीकडेच. 'इलियड'च्या तेविसाव्या सर्गांत पाट्रोक्लसची चिता विझवून त्याचीं हाडें वेचावयाचीं असतात, तेथें हें क्रियापद; 'ओडिसी'त कुंपणासाठीं दगड गोळा करावयाचे, तेथेंहि हेंच. एकेक वस्तु उचलावयाची म्हणजे ओघानेंच मोजणें आलें. 'ओडिसी'च्याच चौथ्या सर्गांत समुद्रवृद्ध प्रोटियस दुपारीं पाण्याबाहेर येऊन आपले सील मोजतो, आणि सीलांचीं कातडीं पांघरून दबा धरलेल्या मेनेलॉसलाहि बिचारा त्यांतच धरतो! त्या मोजणीचें क्रियापद 'लेगेइन'.

मोजण्यावरून सांगण्याकडे झालेलें हें वळण मराठी माणसाला अवघड वाटूं नये. तक्रारींचा पाढा वाचणारा दुसरें काय करतो? 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गांत थर्सायटीज भर सभेंत आगामेम्नॉनचे दोष एकामागून एक उगाळूं लागतो, तेथें होमरनें हेंच क्रियापद योजिलें आहे.

पुढें त्यानें वर्तमानकाळ बळकाविला. भूतकाळीं मात्र 'एइपोन', म्हणजे 'मी बोललों', हें जुनें रूप टिकून राहिलें. त्याचा धातु संस्कृत 'वच्'चा सख्खा भाऊ, आणि 'अवोचम्' हें त्या रूपाचें जुळें भावंड.

हिशेबाचा वास 'लेगेइन'च्या कुळाला कायम राहिला. अथेन्समध्यें अधिकारावरून उतरणाऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या अंमलदारांना 'लोगिस्टाय' म्हणत, इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत ते १० असून चिठ्ठ्या टाकून निवडले जात. 'लोगोस देणें' म्हणजे पैशाचा हिशेब देणें, आणि आपल्या म्हणण्याचें कारण देणेंहि. प्लेटोच्या 'लाखेस' या संवादांत सेनापति निकियास आपला अनुभव सांगतो : सॉक्रेटिसशीं कोणत्याहि विषयावर बोलावयास बसलेला मनुष्य अखेर स्वतःच्या आयुष्याचाच 'लोगोस' देण्यापर्यंत येऊन पोंचतो, आणि तो बारकाईनें पारखून घेतल्यावांचून सॉक्रेटिस त्याला सोडीत नाहीं.