सप्तसागरचा तबेला

सहा महिने झाले, तुमचा कोड जगाला खुला आहे. त्याच्या पानावर अकरा स्टार, म्हणजे पसंतीच्या खुणा, त्यातले चार मित्रांचे. हात लावायला मात्र कोणी येत नाही. वाराणसीत मैदागिनजवळ रिक्षाची वाट बघत तुम्ही मोबाइलवर पुन्हा तेच पान उघडता. पावसाची सर येते, म्हणून नागरीप्रचारिणी सभेच्या आवारात आडोसा शोधता. मान वर करता तर डोक्यावरच्या विजेच्या तारा गायब.

साल १८९३, जुलै महिना. रस्त्यावर चिखल, एक्के, घोड्यांची लीद. क्वीन्स कॉलेजच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात तीन शाळकरी पोरं डोकी एकत्र करून बसली आहेत: श्यामसुंदर दास, रामनारायण मिश्र, शिवकुमार सिंह. नागरी लिपी आणि हिंदीसाठी सभा काढायची म्हणतात, हीच ती नागरीप्रचारिणी सभा. कचेऱ्यांत फारसी लिपीचा अंमल. पोरांकडे ना पैसा, ना जागा. पुढे बैठका भरतात त्या सप्तसागर मोहल्ल्यातल्या एका तबेल्यात. तुम्ही आपलं लोगोसाठी अडून बसला होतात!

गंमत पुढे आहे. पहिल्याच वर्षी ज्योतिर्गणिताचे पंडित सुधाकर द्विवेदी सभासद होतात, भाषांचा अभ्यासक जॉर्ज ग्रियर्सनही. हिंदी साहित्यिक भारतेंदू हरिश्चंद्रांचे आतेभाऊ राधाकृष्ण दास पहिले अध्यक्ष. ही मोठी माणसं त्या पोरांकडे का आली असतील? माझं मत असं की काम पुरतं झालेलं नव्हतं, म्हणूनच. झालेल्या कामाला लोक टाळ्या देतात आणि पुढे जातात. हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या लिनस टॉरव्हाल्ड्सनेही १९९१च्या ऑगस्टमध्ये आपली लिनक्स ही संगणकप्रणाली अर्धीमुर्धी असतानाच लोकांना सांगून टाकलं होतं.

याच काशीत तेव्हा एका मराठी घरात बाबूराव विष्णू पराडकर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा वाढतो आहे. पुढे तो हिंदी पत्रकारितेचा आधार होणार, ‘आज’ दैनिकाचा संपादक. त्याला बघायला थांबावंसं वाटतं, पण पावसाची दुसरी सर तुम्हाला पुढे ढकलते.

आता १९०७ उलटून गेलंय. सभेने हिंदीचा मोठा कोश, ‘हिंदी शब्दसागर’, करायचं ठरवलंय. सुरुवातीला उत्साह उदंड. पण नुसत्या उत्साहावर कोश होत नाही. पगारी माणसं नेमावी लागतात. (हे वाचून खुल्या कामात पगार कसला, असं म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या सर्व्हरचं बिल कोण भरतं ते बघावं.)

त्यातले एक मुन्शी रामलगन लाल. तुम्ही त्यांच्या मागे गल्लीत शिरता. हे गृहस्थ लोहाराकडे जातात, सोनाराकडे, विणकराकडे, अस्वल-माकडं नाचवणाऱ्यांकडे, दलालांकडे, जुगाऱ्यांकडेसुद्धा, आणि त्यांच्या धंद्यातले शब्द टिपतात. तांबोळ्यापुढे पानांची चळत आहे. आपण कवळी म्हणतो, इथे दोनशे पानांच्या गड्डीला ‘ढोली’ म्हणतात. चिठ्ठीवर शब्द उतरतो, शेजारी अर्थ. एक शब्द, एक चिठ्ठी. त्या तांबोळ्याला कोश म्हणजे काय हे ठाऊक असायची गरजच नाही. त्याला एवढंच विचारलंय: याला काय म्हणता? तुम्हाला तुमचं पान आठवतं, त्यावर लिहिलेलं ‘सर्वांचं स्वागत आहे’ आठवतं, आणि जरा ओशाळायला होतं. स्वागत केलंत खरं, पण काम कुणाला दिलंत?

चिठ्ठ्यांचे गठ्ठे वाढत जातात, लाखांच्या घरात. श्यामसुंदर दास नोकरीनिमित्त जम्मूला जातात, तर कोशाचं कार्यालयही त्यांच्या मागोमाग जम्मूला. मग परत काशी. या धांदलीत काही गठ्ठे चोरीला जातात. बॅकअप कुठला? ते शब्द पुन्हा पहिल्यापासून लिहून काढतात. तुम्हाला त्या खोलीत थांबवत नाही. कोणी ओरडत नाही, फक्त टाक दौतीत बुडवल्याचा आवाज.

१९२९. काम तडीस गेलंय. त्र्याण्णव हजारांहून जास्त शब्द. कोशासाठी रामचंद्र शुक्लांनी लिहिलेली प्रस्तावनाच पुढे ‘हिंदी साहित्य का इतिहास’ म्हणून गाजते. इकडे पुण्यात दाते-कर्वे मंडळी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’च्या खटाटोपाला लागली आहेत.

हॉर्न वाजतो. पाऊस थांबलाय, तारा जागेवर आहेत, रिक्षावाला खोळंबलाय. मोबाइलवर ‘शब्दसागर’ शोधता, ‘ढोली’ टाकता. सापडते, फुकट.

आता तुमचं पान उघडाच. नव्या माणसाला अर्ध्या तासात जमेल असं एक काम, एकच, आज रात्री त्यावर लिहा. आणि कोणी करून पाठवलंच, तर दुसऱ्या दिवशी उत्तर द्या.