कोणती केबल आधी? बॅटरी-जोडणीच्या एका नियमाचा इतिहास

मोटारीची बॅटरी काढताना 'निगेटिव्ह केबल आधी सोडा' हा नियम तुम्ही ऐकला असेल. पण तो सर्वच गाड्यांना लागू नाही. त्याचे कारण इतिहासात आहे.

शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. सुरुवातीच्या मोटारी मात्र हँडल मारून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिला, तर हात मोडत असे. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला आणि पुढे हँडल मागे पडले. आता बॅटरीच्या केबलमधून फार मोठा प्रवाह वाहू लागला.

परतीच्या तारेऐवजी गाडीची लोखंडी बॉडीच वापरली जाई. बॉडीला जोडलेल्या टोकाला 'अर्थ' म्हणतात. फोर्ड मॉडेल ए मध्ये आणि १९६० च्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक अर्थ असे. पुढे सर्वत्र निगेटिव्ह अर्थ रूढ झाला.

म्हणून खरा नियम असा: अर्थची केबल आधी सोडा आणि शेवटी जोडा. ती जोडलेली असताना दुसऱ्या टोकावरचा पाना बॉडीला टेकला, तर पान्यातूनच शॉर्ट होते आणि ठिणगी उडते. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत तो ४ टक्के असला, तरी ठिणगीने पेटू शकतो.

सैल जोडही धोक्याचा असतो. समजा, स्टार्टर २०० अँपिअर प्रवाह घेतो आणि जोडाचा रोध ०.०१ ओहम आहे. तेव्हा १२ पैकी २ व्होल्ट जोडातच खर्च होतात आणि तेथे ४०० वॉट उष्णता निर्माण होते.

तपासताना इंजिन बंद करा, चावी काढा, हातातील कडे-अंगठी उतरवा, चष्मा लावा. क्लॅम्प हाताने हलवून पाहा. तो हलला किंवा त्यावर पांढरी-हिरवी पूड दिसली, तर केबल सोडून जोड साफ करा आणि पुन्हा घट्ट बसवा.

स्वाध्याय: जुन्या पॉझिटिव्ह अर्थ गाडीत निगेटिव्ह केबल आधी सोडली, तर काय होऊ शकेल? सकारण लिहा.